तुझ्या वाटची नमो मरिया

पडवीतल्या गप्पा : वाचकांचे प्रश्न, टीचरची उत्तरं

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं अशी आली की मी ती एकावर एक ठेवली आणि चहा गार होऊ दिला. एक वसईच्या पाचूबंदरहून, एक गासहून, एक थेट वेंगुर्ल्याहून. तिघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, पण प्रश्न एकाच विहिरीचा आहे : श्रद्धा हलली की काय करायचं? त्यामुळे भाजीच्या वाफ्यांवर कर लागेल का असं विचारणाऱ्या भुईगावच्या आजोबांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : टीचर, मी पाचूबंदरचा, वय ३१. माझा एक जिवाभावाचा दोस्त आहे. युथ ग्रुपमध्ये तो गिटार वाजवायचा, नाताळच्या गीतांची सगळी तयारी त्याच्याकडे असायची. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील दर्यावर गेले ते परत आले नाहीत, तिसऱ्या दिवशी सापडले. मयताच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, येशूने वादळ शांत केलं तो उतारा वाचला. त्यानंतर तो चर्चमध्ये आला नाही. मला म्हणाला, ‘तिसऱ्या दिवशी माझा बाप पण मिळाला, पण कसा मिळाला ते मी बघितलंय.’ मी त्याला देव आहे हे सिद्ध करणारे व्हिडिओ पाठवतो, तो बघतसुद्धा नाही. गावात काही जण म्हणतात सैतानाने धरलंय. सणाच्या कमिटीतून त्याचं नाव काढलं. त्याला परत कसं आणू?

उत्तर : बाळा, ते व्हिडिओ पाठवायचे आजपासून बंद कर.

रागावू नकोस. तू मनापासून करतोयस हे दिसतंय. पण तुझ्या दोस्ताने देव आहे की नाही असा प्रश्न विचारलेलाच नाही. त्याने विचारलंय, माझ्या बापाच्या वेळी देव कुठे होता? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याची उत्तरं मोबाइलवर पाच-पाच मिनिटांत मिळतात. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही, फादरांकडे नाही, बारामपूरला बिशप हाऊसमध्ये जाऊन विचारलंस तरी मिळणार नाही. हे त्याला तसंच सांग. ‘मला माहीत नाही रे’ हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला तो दोन वर्षं थांबला असेल.

आता तो उतारा. मार्कच्या चौथ्या अध्यायात आहे. येशू होडीत उशाला घेऊन झोपलाय आणि शिष्य, ज्यांतले निदान चौघे जन्माचे मच्छीमार, त्याला हलवून विचारतात : गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला पर्वा नाही का? हे शुभवर्तमानात छापलेलं आहे. कुणी ते खोडलं नाही. तुझा दोस्त हेच वाक्य म्हणतोय. फरक एवढाच, त्यांच्यासाठी वारा पडला आणि याच्या बापासाठी पडला नाही. मयताच्या दिवशी त्याला त्या गोष्टीचा फक्त शेवट ऐकवला गेला. तो उतारा निवडणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण कोळ्याच्या मयताला वादळ शांत झाल्याची गोष्ट वाचायची म्हणजे भुकेने घायकुतीला आलेल्या माणसासमोर भरलेलं ताट दाखवून झाकायचं. कुणीतरी आधी विचार करायला हवा होता.

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या इयोबाचे तीन मित्र आठव. सगळे त्यांना नावं ठेवतात, पण सुरुवातीला त्यांनी जे केलं ते भल्याभल्यांना जमत नाही. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि सगळं नासलं. देवाची बाजू घेऊन ते अध्यायच्या अध्याय वाद घालत बसले, आणि शेवटी देव म्हणतो काय, की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक इयोब बोलला. म्हणजे देवाशी भांडणारा बरोबर आणि देवाची वकिली करणारे चूक. मी ३० वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला, पण हे वाक्य मला स्वतःवर बेतल्यावर दिसलं.

ते सांगते. माझे मिस्टर १९९१च्या पावसाळ्यात गेले. ४३ वर्षांचे होते. आमची केळीची वाडी, दोन मुलं शाळेत, आणि मी त्या वर्षी पहिल्यांदा कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेणाऱ्या २२ पोरांकडून श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे ‘मी विश्वास धरतो’ ही प्रार्थना, पाठ करून घेत होते. पोरं घडाघडा म्हणायची, माझी जीभ टाळूला चिकटायची. मिस्साला जायचे, कारण गेले नसते तर गावभर झालं असतं. संध्याकाळची रोझरी मात्र घरात बंद पडली. जपमाळ मी तांदळाच्या डब्यात टाकली होती. का, ते विचारू नका.

शेजारच्या काकी. शाळा दुसरीपर्यंत. त्यांनी ओळखलं. कशावरून, माहीत नाही, पण आमच्या घरून आवाज येत नाही हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. एका संध्याकाळी घंटा झाल्यावर त्या आल्या, पडवीत बसल्या. मी राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी मांडली होती, ती दव पडायच्या आत आत घेत होते. त्या म्हणाल्या, ‘तू तुझं काम कर.’ आणि जपमाळ काढून सुरू झाल्या.

रोझरी दोन भागांत असते हे आपल्याला माहीत आहे. एकाने ‘नमो मरिया’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये’ म्हणून उत्तर द्यायचं. काकींनी स्वतःच म्हटलं आणि स्वतःच उत्तर दिलं. दहा मण्यांनंतर मी म्हणाले, काकी, मी म्हणणार नाहीये. त्या म्हणाल्या, ‘म्हणू नको. तुझ्या वाटची नमो मरिया मी म्हणते.’

त्यानंतर त्या रोज आल्या. पाऊस असो, त्यांच्या सुनेशी भांडण झालेलं असो. कधी वालाच्या शेंगा सोलायला घेऊन यायच्या, कधी नुसत्या. मला एकदाही विचारलं नाही की आता कसं वाटतं, विश्वास बसला का. मिस्टरांचं नाव मात्र रोज घ्यायच्या. बाकीच्यांनी ते नाव टाळायला सुरुवात केली होती. वर्ष उलटून गेलं असेल, एका संध्याकाळी त्यांना खोकला लागला. नमो मरिया अर्धी झाली आणि पुढचं येईना. मी केळ्यांची पाटी उचलत होते, आणि माझ्या तोंडून ‘पवित्र मरिये’ निघालं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. पुढचा मणी घेतला. तो खोकला खरा होता की काकींनी काढला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आता विचारायची सोय नाही.

म्हणून मला मार्कचाच दुसरा अध्याय जास्त कामाचा वाटतो. पक्षाघाताचा माणूस, त्याची खाट चौघांनी उचलली, दारात गर्दी म्हणून छपरावर चढले, छप्पर उकरलं आणि खाट खाली सोडली. आपल्याकडचं घर असतं तर कौलं उतरवली असती आणि घरमालकाने बोंब मारली असती. पुढे लिहिलंय, येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. त्यांचा म्हणजे त्या लोकांचा. खाटेवरचा माणूस तेव्हा मनात काय म्हणत होता, याबद्दल एक अक्षर नाही. ‘आधी विश्वास धर, मग उचलतो’ असं त्या चौघांनी म्हटल्याचंही लिहिलेलं नाही.

आता कामाचं. कमिटीतून नाव काढलं ते परत घालायला सांग. कुणी नाक मुरडलं तर माझं नाव घे. मंडपाच्या दोऱ्या ओढायला, लायटिंगच्या माळा सोडायला श्रद्धेचा दाखला लागत नाही. तो नाही म्हणाला तर नाही, पण नाव यादीत राहू दे. सांडोरचं चर्च ज्या थॉमसच्या नावाचं आहे, त्याची गोष्ट नीट वाच. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो तिथे नव्हता. बाकीचे म्हणाले आम्ही प्रभूला पाहिलं, हा म्हणाला खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मुळीच मानणार नाही. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा त्याच घरात होते, ‘आणि थॉमस त्यांच्याबरोबर होता’. म्हणजे ते आठ दिवस त्याला कुणी बाहेर काढलं नाही, आणि तोही निघून गेला नाही. आपण ३ जुलैला त्याचा सण करतो, त्याला ‘संशयी’ म्हणतो आणि त्या आठवड्यात दार उघडं ठेवणाऱ्या दहा जणांचा कुणी उल्लेखही करत नाही.

सैतानाचं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नकोस, फक्त त्यांना त्याच्या घरापासून लांब ठेव.

आणि १ ऑगस्टला त्याच्याकडे जा. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपते, होड्या पाण्यात उतरतात, सगळ्या बंदराला नव्या रंगाचा वास येतो. त्या दिवशी त्याच्या घरात काय होत असेल, याचा विचार केलायस का? डबा घेऊन जा. सुके बोंबील आणि भात चालेल. बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खायला घातलं. त्यातच दूत काय करतात ते आलं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. तो झोपत नसेल, दारू वाढली असेल, किंवा बापाकडे जातो असलं काही बोलत असेल, तर ती श्रद्धेची बाब राहिली नाही. तेव्हा रोझरी नंतर, डॉक्टर आधी. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलतात. तूच फोन लाव आणि त्याच्या शेजारी बसून राहा.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात घरी आला तो म्हणाला, माणूस माकडापासून झाला तर आदम-एवा खोटे, मग बाकीचं खरं कशावरून? मी रडले, त्याला पपांच्या बीपीची शपथ घातली. आता तो काही बोलत नाही, माझ्याबरोबर मिस्साला येतो आणि मोबाइल बघतो. हे असंच चालू द्यायचं का? – एक आई, गास

उत्तर : बाई, शपथ घातलीत तिथे चुकलं. तो आता गप्प बसलाय ते पटलंय म्हणून नाही, पपांच्या बीपीमुळे. शपथ मागे घ्या. फोनवर नको, पुढच्या सुटीत तोंडावर, आणि ‘मला त्या दिवशी भीती वाटली’ एवढंच म्हणा.

उत्क्रांतीचं म्हणाल तर त्याला आणि तुम्हालाही हे माहीत असावं की चर्चने त्यावर दार लावलेलं नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये त्या संशोधनाला वाव ठेवला, आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की हा आता नुसता एक तर्क राहिलेला नाही. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून शोधणारे मेंडेल मठवासी होते. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे धर्मगुरू होते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय भूगर्भशास्त्राचं पुस्तक म्हणून वाचायचा नाही, हे आपल्या धर्मशिक्षणात पोरांना सातवीतच सांगायला हवं. आपण सांगत नाही, मग ती पुण्याला जाऊन दुसऱ्याकडून ऐकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला फसवलं. यात माझाही वाटा आहे. मी ३० वर्षं फळ्यावर सफरचंदच काढत आले, आणि उत्पत्तीत सफरचंद हा शब्दही नाही.

पण मेंडेल आणि लमेत्र त्याच्यावर फेकू नका. नावांच्या यादीने कुणाची श्रद्धा परत आलेली मी पाहिली नाही. त्याला विचारा, हा प्रश्न पडला तेव्हा तू कुठे होतास, कोणाबरोबर होतास. बऱ्याचदा माकडाच्या मागे दुसरंच काही उभं असतं. होस्टेलवर कुणी हसलं असेल, एखादी मुलगी असेल, गावातल्या कुणा मोठ्या धार्मिक माणसाचं खरं रूप दिसलं असेल. आणि खरोखर माकडच असेल तर तेही चांगलं आहे, पोरगं विचार करतंय.

पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्यांचा इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच काळात त्यांना त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धांतावर प्रश्न पडू लागले. त्यांना आधार देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो छापलेला आहे. सिस्टरना वाटे ही बाई हट्टी आहे, गर्विष्ठ आहे. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं : एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून मी आले, ती दुसऱ्याखाली मान द्यायला नाही. जिला तेव्हा हट्टी म्हटलं, तिनेच पुढे केडगावला मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. सिस्टरनी घाई केली नसती तर दोघींचेही काही रडके महिने वाचले असते, एवढं माझं मत.

तुमच्याच गावच्या चर्चचे संत गोन्सालो गार्सिया. आपल्या वसईचे. त्यांचा रस्ताही काही सरळ नव्हता. जपानला येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर काम केलं, मग सोडलं, व्यापारात पडले, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले, परत जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांच्या आईला मधली वर्षं कशी गेली असतील, याची नोंद कुठे नाही. तुम्ही फेब्रुवारीच्या सणाला जाल तेव्हा तिच्यासाठी एक मेणबत्ती लावा.

चर्चमध्ये मोबाइल बघतो, तर सध्या बघू द्या. आपल्यातले अर्धे पुरुष प्रवचनाला बाहेर झाडाखाली उभे राहून काय करतात, ते मला माहीत आहे.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याला रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गेली चारेक वर्षं प्रार्थना केली की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. काही वाईट घडलेलं नाही, घरी सगळं बरं आहे. तरी आतून काही नाही. मुलांसमोर उभी राहते तेव्हा ढोंगी वाटतं. वर्ग सोडून देऊ का? कम्युनियन घ्यावं का? इथे कुणाला सांगायची सोय नाही, सगळ्यांना वाटतं टीचर म्हणजे भक्कम.

उत्तर : ‘भक्कम’वर हसू आलं गं. माझ्याबद्दलही तसंच म्हणतात.

आधी कम्युनियनचं. आपला धर्मशिक्षणग्रंथ मनात येणारी शंका आणि मुद्दाम, हट्टाने जोपासलेला नकार यांत फरक करतो. तुझी शंका वाट पाहणारी आहे, नाहीतर तू मला दोन पानं लिहिली नसतीस. घे.

मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची पत्रं बाहेर आली तेव्हा जगाला कळलं की त्या बाईने जवळजवळ ५० वर्षं आतल्या अंधारात काढली. प्रार्थनेत काही नाही, देव जाणवत नाही. त्यांना आधार कुणी दिला? आपल्या पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात शिकवणारे येशूसंघीय फादर जोसेफ नॉयनर. १९६१ च्या सुमारास ते मदरना भेटले. त्यांनी उपाय सांगितला नाही. उलट म्हणाले की याला माणसाकडे उपाय नाही, म्हणून तुमचं काही चुकलंय असं समजू नका. आणि तुम्हाला देवाची जी ओढ लागली आहे, तीच तो जवळ असल्याची खूण आहे. मदरना बरं वाटलं. अंधार गेला नाही, बरं मात्र वाटलं.

तुलाही असा एक माणूस हवा. एकच पुरे. वेंगुर्ल्यात नसेल तर सावंतवाडीला असेल, एखादी वयस्क सिस्टर, एखादे निवृत्त फादर. जे ऐकल्याबरोबर पुस्तक काढतील त्यांच्याकडे जाऊ नकोस. दोन-चार जणांची चाचपणी करावी लागेल, लाजू नकोस, साडी घेताना आपण किती उलगडायला लावतो!

वर्गाचं असं. दमली असशील तर फादरांकडे सहा महिने सुटी माग, कारण द्यायची गरज नाही. दमली नसशील तर चालू ठेव. श्रद्धेचा अंगीकार म्हणताना ढोंगी वाटतं, हे मला नवीन नाही. पण ३२५ मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत तो लिहिला गेला तेव्हा त्याची सुरुवात ‘आम्ही विश्वास धरतो’ अशी होती. ‘मी’ नंतर आला. पोरांपुढे उभी राहशील तेव्हा मनात ‘आम्ही’ म्हण, त्यात वेंगुर्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचे सगळे आले, मीही आले. कुणी पोराने विचारलंच, टीचर, तुम्हाला देव ऐकू येतो का, तर सध्या येत नाही म्हणून सांग. ते घरी जाऊन सांगतील, दोन आया तक्रार करतील, आणि एक आई तुला एकटीला गाठून हळूच म्हणेल की तिलाही येत नाही.

संध्याकाळी सातनंतर मी पडवीत असते. माझा नंबर संपादकांकडून घे. फोन लाव, बोलली नाहीस तरी चालेल. मी रोझरी म्हणत असेन, तू चुलीवरचं बघ.